नवी बिल्डिंग खरंच नीट चालतेय का, हे राहायला आल्यावर कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पिंपरी-चिंचवडला तीन विंग, बावीस मजले, २६४ फ्लॅट, पझेशन होऊन दोन वर्षं, त्यातल्या साधारण दोनशे घरांत माणसं राहायला आलीत. ब्रोशरवर ग्रीन सर्टिफिकेट, हवेशीर घरं, कमी मेंटेनन्स असं सगळं छापलेलं होतं आणि आता पश्चिमेकडचे म्हणतात घर भट्टीसारखं तापतं, कॉमन लाइटबिल बजेटच्या बाहेर गेलंय, टँकर थांबत नाहीत, पावसात काही बेडरूमच्या भिंतींना ओल येते, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज महाभारत. त्यात एका कन्सल्टंटने ‘पोस्ट ऑक्युपन्सी इव्हॅल्युएशन’, म्हणजे लोक राहायला आल्यावर करायची इमारतीची तपासणी, याचं मोठं कोटेशन पाठवलंय आणि नवे सेक्रेटरी म्हणून तुम्ही विचारताय की हे खरंच करायला लागतं का, की आपलं आपण जमेल.

बरंचसं आपलं आपण जमेल. थोडं नाही जमणार, ते कुठलं ते पुढे सांगतो. मी आधी नऊ वर्षं साइट इंजिनियर होतो, म्हणजे इमारती बांधून किल्ल्या देऊन पळणाऱ्यांपैकीच एक, आणि नंतरची तेराएक वर्षं उलटं काम करतोय, लोक राहायला आलेल्या इमारती जाऊन तपासतो. त्यामुळे दोन्ही बाजूंची लबाडी माहितीय.

आधी एक गोष्ट, तुमचा प्रश्न ‘बिल्डिंग चांगली की वाईट’ असा दिसतोय पण खरा प्रश्न तो नाहीये. खरा प्रश्न असा की जे कागदावर ठरलं होतं आणि जे रोज घडतंय यात फरक कुठे पडला. डिझाइन करतानाच चुकलं, का बांधताना हात राखला, का मशिनरी लावली पण तिचं सेटिंगच कोणी केलं नाही, का सेटिंग होतं पण चालवणाऱ्याने बंद केलं, का आपणच घरात बदल करून घोळ घातला. या पाचांतलं कुठलं ते कळलं की कोणाकडे जायचं ते कळतं. ते न कळता बिल्डरला नोटीस पाठवली तर त्याचा वकील दोन ओळींत उडवून लावतो, आणि ते बघितलंय मी. माझा अनुभव असा की पैशाला खार लावणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त तिसऱ्या आणि चौथ्या कारणाच्या निघतात, म्हणजे बांधकाम ठीक असतं, चालवणं गंडलेलं असतं. ही वाईट बातमी वाटते पण चांगली आहे कारण ती फुकटात दुरुस्त होते.

हे असं तपासणं काही नवीन फॅड नाही. इंग्लंडमध्ये आर्किटेक्टच्या संस्थेने १९६३ मध्ये कामाचे टप्पे ठरवून दिले तेव्हा शेवटचा टप्पा हाच होता, की इमारत वापरात आल्यावर परत जाऊन बघा आणि त्यातून शिका. पुढे तो गाळला, कारण साधं आहे, त्या टप्प्याचे पैसे द्यायला कोणीच तयार नसायचं. मग १९९५ ते २००२ या काळात तिकडे ‘प्रोब’ नावाने वीसेक इमारतींचा अभ्यास झाला, त्यात कित्येक ठिकाणी वीज अंदाजाच्या दुप्पट जळताना सापडली, आणि त्या काही फडतूस इमारती नव्हत्या, नावाजलेल्या होत्या. म्हणजे तुमच्या सर्टिफिकेटवाल्या बिल्डिंगचं बिल जास्त येतंय यात फसवणूकच असेल असं नाही. बहुतेक सर्टिफिकेटं ड्रॉइंग आणि आकडेमोड बघून मिळतात, त्यात तुमचा वॉचमन रात्री कुठला स्विच चालू ठेवतो हे नसतं.

आणि आपल्याकडे हे नुसतं लाइटबिलापुरतंही नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्दला पुनर्वसनाच्या तीन वसाहतींचा अभ्यास झाला, नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईची माणसं त्यात होती, २०१८ मध्ये तो बाहेर आला. पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना इतक्या खेटून की मधलं अंतर कसंबसं तीन मीटर, खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावायला लागतो. तिथे क्षयाचं प्रमाण त्याच भागातल्या पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी पट जास्त सापडलं. नियमात बसवून, मंजुरी घेऊन बांधलेल्या इमारती आहेत हं त्या. राहायला गेल्यावर माणसांचं काय झालं हे कोणीतरी घरोघर जाऊन विचारलं म्हणून कळलं.

आता तुमच्याकडे. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधीच सांगतो, म्हणजे नंतर ‘तुम्ही तर असं म्हणाला होतात’ नको. किती फ्लॅट भरलेत यावर खूप काही ठरतं, २६४ पैकी दोनशे म्हणजे ठीक आहे, पण तिन्ही विंगमध्ये सारखे भरलेत का ते बघा, एखादी विंग अर्धी रिकामी असेल तर तिचे आकडे वेगळेच येतील. दुसरं, एका सीझनमध्ये तपासून काही कळत नाही, मे, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी असे तिन्ही बघायला लागतात. तिसरं, भिंती ब्लॉकच्या आहेत का मायवनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या. तुम्ही लिहिलं नाहीये, पण बावीस मजले आणि अलीकडचं काम म्हणजे मायवनच असणार असं धरून चाललोय. ब्लॉकचं असेल तर गरमीबद्दल पुढे जे लिहिलंय ते थोडं कमी करून वाचा.

सुरुवात माणसांपासून करा, मशीनपासून नको. आणि माणसं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नव्हे! ग्रुपवर तेच आठ जण बोलतात, बाकीचे दोनशे गुड मॉर्निंग टाकतात. शिवाय एक गंमत आहे, मालक स्वतः राहत असेल तर तो ग्रुपवर गळतीबद्दल लिहीत नाही, कारण उद्या फ्लॅट विकायचा तर रेट पडतो. भाडेकरू मात्र मोकळेपणाने सांगतो, त्याचं काय जातंय. म्हणून घरोघर जायचं, छापील कागद घेऊन, आणि दिवसभर घरात जो असतो त्याला विचारायचं. आयटीवाला नवरा सकाळी आठला जातो रात्री नऊला येतो, त्याला दुपारी तीनला बेडरूम कशी असते हे काय माहीत. आजीला माहीत असतं, घरकाम करणाऱ्या मावशींना माहीत असतं.

प्रश्न मत विचारणारे नकोत, प्रसंग विचारणारे हवेत. ‘लिफ्ट समाधानकारक आहे का’ असं विचारलं तर लोक मूडप्रमाणे टिक करतात. ‘मागच्या आठवड्यात लिफ्टसाठी पाच मिनिटांच्या वर किती वेळा थांबलात’ असं विचारा. ‘घर गरम होतं का’ याऐवजी ‘एप्रिल-मेमध्ये रात्री एसीशिवाय किती दिवस झोपलात, कुठल्या खोलीत झोपलात’. एका सोसायटीत हा खोलीचा प्रश्न मी सहज टाकला होता, तर एका लायनीतल्या, म्हणजे एकावर एक असलेल्या, अकरापैकी सात घरांत माणसं उन्हाळ्यात मास्टर बेडरूम सोडून हॉलमध्ये गाद्या टाकून झोपत होती. त्यातल्या एकानेही तक्रार केलेली नव्हती, त्यांना वाटायचं आपल्याच घरात असं होतं.

तक्रार आणि त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोक्यात पक्कं ठेवा. बाविसाव्या मजल्यावरचं घर खरं तर सगळ्यात जास्त तापतं, वरून स्लॅब आहे, पण तिथला माणूस कुरकुर करत नाही कारण त्याला वारा आहे, डोंगर दिसतो, मनातून त्याने बिल्डिंगला माफ केलेलं असतं. सातव्या मजल्यावरचा, ज्याच्या समोर दुसऱ्या विंगची ड्राय बाल्कनी आणि तिथे वाळत घातलेले कपडे, तो दोन डिग्री कमी असूनही भांडतो. विलायतेत जे तयार प्रश्नावलीवाले आहेत ते याला चक्क ‘माफीचा आकडा’ काढतात. तुम्हाला आकडा काढायची गरज नाही, पण नुसत्या तक्रारींवरून नकाशा रंगवू नका एवढंच.

आणि वॉचमन, हाऊसकीपिंगच्या बायका, प्लंबर, एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा, ऑपरेटर यांच्याशी चहा घेऊन बोला, कमिटीतलं कोणी सोबत न नेता. बिल्डिंगबद्दल सगळ्यात जास्त यांना माहीत असतं आणि यांना कोणीही विचारत नाही.

आता लाइटबिल. महावितरणच्या कॉमन मीटरची मागची चोवीस बिलं काढा, रुपये बघू नका, युनिट बघा, रुपये रेटमुळे बदलतात. एका कागदावर महिन्याप्रमाणे मांडा. मग बिल्डिंगमधल्या प्रत्येक कॉमन यंत्राची यादी करा, किती किलोवॅट, दिवसाला किती तास, गुणाकार करून बेरीज. बेरीज आणि बिल जुळत नसेल तर काहीतरी तुमच्या समजुतीपेक्षा जास्त तास चालतंय.

यातली एक गोष्ट जवळून सांगतो, कारण तुमच्याकडेही तेच असण्याची दाट शक्यता आहे. दोन बेसमेंटवाली सोसायटी होती, कॉमन बिल भरमसाट, कमिटीने एलईडी लावले, कॉरिडॉरला सेन्सर लावले, फरक चिमूटभर. मी रात्री साडेअकराला बेसमेंटमध्ये उतरलो तर कानठळ्या बसतील असा आवाज, हवा काढायचे चार मोठे पंखे चालू, आणि गाडी एकही हलत नाहीये. पॅनेलपाशी गेलो तर सिलेक्टर स्विच ‘ऑटो’वर असायला हवा तो ‘मॅन्युअल’वर, आणि त्यावर हलू नये म्हणून काळी चिकटपट्टी. ‘ऑटो’ म्हणजे गाड्यांच्या धुराचा, कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर सांगेल तेव्हाच पंखे सुरू व्हायचे. सेन्सर भिंतीवर होते, हिरवा दिवाही लागायचा, फक्त त्यांची वायर पॅनेलपर्यंत कोणी आणलीच नव्हती. हँडओव्हरच्या दिवशी ‘ऑटो’वर पंखे सुरू होईनात म्हणून कोणीतरी मॅन्युअलवर टाकलं आणि पट्टी लावली, ती तशीच राहिली. पाच एचपीचा पंखा प्रत्यक्षात तीनेक किलोवॅट ओढतो धरलं तर चार पंख्यांचे १२, दिवसाला २८८ युनिट, महिन्याला ८,६४०. वायर जोडून होईपर्यंत टायमर लावून सकाळी दोन तास संध्याकाळी दोन तास केलं तर १,४४०. म्हणजे महिन्याला सात हजारांवर युनिट नुसते हवेत जात होते, शब्दशः. एक सांगतो, आगीच्या वेळी धूर काढायचं कामही बरेचदा याच पंख्यांचं असतं, त्यामुळे फायर पॅनेलकडून येणारी वायर कोणाला तोडू देऊ नका, टायमरच्या नादात ती उडवलेली बघितलीय मी.

पाण्याचंही असंच गणित मांडा. शहरी हिशोबात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्यातले ४५ फ्लशचे. दोनशे घरं, घरटी सरासरी ३.४ माणसं म्हणजे ६८० माणसं, १३५ ने गुणलं तर ९१,८०० लिटर. पण तुमच्याकडे एसटीपीचं पाणी फ्लशला जातंय म्हणता, मग ताजं पाणी फक्त ९० लिटरने धरायचं, ६१,२०० लिटर. महापालिकेचं मीटर आणि टँकर यांची बेरीज याच्या आसपास आहे का बघा. बाग, गाड्या धुणं, क्लब हाऊस यांचं थोडं वर जाईल. पण बेरीज लाखाच्या पुढे असेल तर लोक उधळे आहेत असं भाषण एजीएममध्ये देण्याआधी रात्रीची टेस्ट करा.

रात्री एकला ओव्हरहेड टाकीचा भरणा बंद करायचा, पाण्याच्या लेव्हलला टाकीच्या भिंतीवर खडूने रेघ मारायची, पहाटे चारला परत बघायचं. समजा टाकी चार मीटर बाय तीन मीटर आणि लेव्हल दहा सेंटिमीटर उतरली, तर १,२०० लिटर गेलं, तासाला ४००, दिवसाचे ९,६००. म्हणजे जवळजवळ एक दहा हजार लिटरचा टँकर रोज, आणि त्या वेळी सगळी बिल्डिंग झोपलेली. बहुतेक वेळा फ्लशचे व्हॉल्व झिरपत असतात, त्याचा आवाजही येत नाही, कमोडमध्ये एक बारीक चमकती धार दिसते फक्त. एसटीपीची लाइन वेगळी असेल तर फ्लशच्या टाकीवरही हीच टेस्ट वेगळी करा. आणि हो, खालच्या मजल्यांचे प्रेशर कमी करणारे व्हॉल्व तपासून घ्या, बावीस मजल्यांचं पाणी अंगावर आलं तर तळाच्या घरांतले नळ आणि फ्लश सहा महिन्यांत वायसर खातात.

आता गरमी, इथे जरा जास्त वेळ घेतो कारण भांडणं इथेच जास्त होतात आणि ‘तुमचं घर तापतं आमचं नाही’ यावर मीटिंगचे तास जातात. तापमान नोंदवणारे छोटे लॉगर मिळतात, बॅटरीवर चालतात, दोन-तीन हजारांत एक येतो. आठ-दहा घ्या, पुढच्या वर्षी परत वापरता येतात. कुठे ठेवायचे हे महत्त्वाचं. एकाच मजल्यावर पूर्वेचं आणि पश्चिमेचं घर, मग पश्चिमेच्याच लायनीत खाली, मध्ये आणि सगळ्यात वर, एक कोपऱ्यातलं घर, आणि एक बाहेर सावलीत, पावसाचं पाणी लागणार नाही असा. बेडरूममध्ये भिंतीपासून लांब, छातीच्या उंचीवर, टीव्ही-फ्रिजजवळ नाही, ऊन पडेल तिथे नाही. दर पंधरा मिनिटांनी नोंद, एप्रिलच्या मध्यापासून तीन आठवडे. घरच्यांना एक वही द्या, एसी कधी लावला, खिडकी कधी उघडली, पाहुणे किती होते, एवढंच लिहायला. वही नसेल तर त्या ग्राफला काही अर्थ नाही.

ग्राफ कसा वाचायचा ते सांगतो. दुपारचा आकडा बघून सगळे हबकतात पण तो एवढा महत्त्वाचा नाही. रात्री दहाचा बघा. पश्चिमेची भिंत दुपारी तीन ते सहा ऊन खाते आणि साताठ इंचांपेक्षा कमी जाडीचं ते काँक्रीट ती उष्णता चार-पाच तासांनी आत सोडतं, म्हणजे बरोबर तुम्ही झोपायला जाता तेव्हा. एएसी ब्लॉकपेक्षा, म्हणजे त्या हलक्या सच्छिद्र ब्लॉकपेक्षा, काँक्रीट आठ-दहा पट सहज उष्णता पुढे ढकलतं. एका घरात गेलो होतो तर आजींनी माझा हात धरून भिंतीवर ठेवला, रात्री सव्वादहाला, म्हणाल्या, “बघ, पोळीचा तवा उतरवून ठेवल्यावर असतो ना तसं.” बाहेर २६ होतं, खोलीत ३२. लॉगरने पुढे तीन आठवडे तेच सांगितलं, आजींनी तीन सेकंदांत सांगितलं होतं.

किती तापमान म्हणजे जास्त? याला एक देशी आधार आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतीय हवामानातल्या लोकांना काय सहन होतं त्याचा अभ्यास केला आणि नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या इमारतींसाठी एक सूत्र काढलं, मागच्या तीस दिवसांच्या बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणा आणि १२.८३ मिळवा. बाहेरची सरासरी ३० असेल तर उत्तर २९ येतं, आणि त्याच्या वर २.४ पर्यंत बहुतेकांना चालतं, म्हणजे साधारण ३१.४. हे ऑफिसांच्या अभ्यासावरून काढलेलं आहे, झोपायच्या खोलीला मी स्वतः आणखी हात राखून धरतो. पण मीटिंगमध्ये ‘मला गरम होतं’ याऐवजी ‘एकवीसपैकी सतरा रात्री दहा वाजता मर्यादेच्या वर’ असं सांगता येतं, फरक पडतो.

मग कारण शोधा. सगळं बिल्डरवर घालू नका. खिडकीवर छज्जा नाही, मोठी काच, हे डिझाइनचं. पण बाल्कनी काचेने बंद केली, कबुतरांची जाळी वर मच्छरजाळी वर ग्रिल, ड्राय बाल्कनीत कपाट ठोकून डक्टकडची खिडकी बुजवली, हे आपलं. वारा आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते, मागची वाट बुजवली की पुढची उघडून उपयोग नाही. एकाच लायनीत बाल्कनी बंद केलेलं आणि न केलेलं अशा दोन घरांत लॉगर ठेवा, वाद मिटतो, किंवा निदान वेगळ्या दिशेने जातो. बीईईने, म्हणजे ऊर्जा बचतीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता काढली, त्यात छत सोडून भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा आहे. ग्रीन सर्टिफिकेट घेतलंय म्हणजे बिल्डरकडे असा काहीतरी हिशोब असणारच, तो मागून घ्या, आणि त्यात धरलेली काच आणि खरी लावलेली काच एकच आहे का बघा. हा मुद्दा कन्सल्टंटशिवाय जरा अवघड जाईल.

ओलीचं तंत्र मात्र कोणालाही जमतं. डागाभोवती पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. दर आठवड्याला नवी रेघ. डाग फक्त पावसात वाढतो तर पाणी बाहेरून, बारा महिने वाढतो तर पाइपातून, शनिवार-रविवारनंतर वाढतो तर वरच्या घरातल्या बाथरूममधून, कारण त्या दिवशी धुणं-पुसणं जोरात. एका सोसायटीत चौदाव्या मजल्यावरच्या आणि पंधराव्यावरच्या घरांचं आठ महिने बोलणं बंद होतं, खालचा म्हणे तुमचं बाथरूम गळतं, वरच्याने स्वखर्चाने टाइल्स फोडून वॉटरप्रूफिंग केलं तरी डाग तसाच. पेन्सिलच्या रेघांनी दाखवलं की डाग फक्त पश्चिमेकडून झडीचा पाऊस आला की वाढतो. बघितलं तर चौदाव्यानेच एसीच्या पाइपसाठी बाहेरच्या भिंतीला भोक पाडलेलं, उतार आतल्या बाजूला, आणि तोंड सील केलेलं नाही. दीडशे रुपयांचं सीलंट. वरच्याने टाइल्सचे पैसे मागितले की नाही ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

लिफ्टसाठी एक आठवडा सकाळी आठ ते नऊ लॉबीत वॉचमनला कागद द्या, कोण किती थांबलं, रेघा मारायला. एका विंगला ८८ घरं आहेत, दोनातली एक लिफ्ट बंद असेल त्या दिवसाचा वेगळा कागद. एसटीपीचा वास सकाळी येतो का संध्याकाळी ते नोंदवा, सकाळी येत असेल तर बहुधा ऑपरेटर वीज वाचवायला रात्री ब्लोअर, म्हणजे प्लांटमध्ये हवा सोडणारं यंत्र, बंद करतोय, त्यामुळे मैला खाणारे जीवाणू हवेवाचून मरतात. आणि प्लांट सगळ्या २६४ घरांच्या मैल्यासाठी बनवलेला असतो, पहिल्या वर्षी अर्धीच घरं असताना जीवाणूंना खायलाच पुरत नाही, त्यामुळे तेव्हा नीट चालला नसेल तर नवल नाही, पण आता दोनशे घरं आल्यावर ती सबब चालणार नाही.

थोडक्यात क्रम असा, या महिन्यात बिलं, यंत्रांची यादी आणि पाण्याची रात्रीची टेस्ट, त्याच्यासोबत घरोघर प्रश्न, पावसात पेन्सिलच्या रेघा, उन्हाळ्यात लॉगर. एक वर्ष जाईल. घाई केली तर अर्धवट आकडे घेऊन भांडाल आणि हराल.

मात्र एका गोष्टीची घाई करा. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार पझेशनपासून पाच वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला तर त्याने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, नाही केला तर भरपाई मागता येते. तुमची दोन वर्षं गेली. म्हणजे दोष सापडेल तसा लेखी कळवा, फोटो आणि तारखेसह, सगळं गोळा होईपर्यंत थांबू नका. ती जोडली नसलेली वायर हा सेवेतला दोष आहे, एसीचं भोक नाही. म्हणून म्हटलं की कारण आधी शोधा. सोबत अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंग, म्हणजे प्रत्यक्ष जसं बांधलं तसं दाखवणारी, आणि यंत्रांची मॅन्युअल्स मागा, मिळाली नसतील तर तेही पत्रात घाला. तुमची पझेशनची तारीख घराघराला वेगळी असू शकते, त्याबाबत वकिलाशी बोला, तो माझा प्रांत नाही.

कन्सल्टंटचं काय? मी स्वतः त्यातलाच, तरी सांगतो, आता घेऊ नका. वर्षभराचे आकडे हातात आले की त्याला बोलवा, आणि सगळ्या इमारतीचं नाही तर दोन-तीन नेमक्या प्रश्नांचं काम द्या. थर्मल कॅमेरा, काचेचा हिशोब, एसटीपीच्या पाण्याची लॅब टेस्ट, पंपाची कार्यक्षमता, हे त्याचं काम. बाहेरच्या भिंतीला भेगा असतील तर मात्र वाट बघू नका, स्ट्रक्चरल इंजिनियर लगेच, आणि तो वेगळा माणूस हं, हा नव्हे. कोटेशनमध्ये ‘रहिवाशांचं सर्वेक्षण’ म्हणून मोठी रक्कम लावलेली असेल तर ती काढून टाका, ते तुम्ही केलंय. आणि त्याने रिपोर्टमध्ये प्रत्येक मुद्द्यापुढे पाचातलं कुठलं कारण ते लिहिलंच पाहिजे अशी अट टाका. नाहीतर ऐंशी पानांचा रिपोर्ट येतो, रंगीत फोटोंचा, आणि शेवटी ‘सुधारणेस वाव आहे’.

लॉगरच्या फाइली आल्या की इथे टाका, वाचायला मदत करीन. तोपर्यंत आज रात्री जेवण झाल्यावर बेसमेंटला एक चक्कर मारा आणि पंख्याच्या पॅनेलवर चिकटपट्टी आहे का बघून या.